पटलेबाईंच्या रक्ताची काचपट्टी

पटलेबाईंच्या वर्गात ‘असं म्हणतात’ हे दोन शब्द चालत नसत. एखादी मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, असं म्हणतात की गिऱ्हाणात जेवलं की पोट बिघडते,” की बाई हातातला खडू खाली ठेवायच्या.

“कोण म्हणते?”

“सगळे म्हणतात, बाई.”

“सगळ्याइचं नाव सांग. त्याइनं डोळ्यानं पाह्यलं काय?”

मुलगी खाली बसायची. मग बाई खडू उचलून पुढं शिकवायला लागायच्या. रागावलेल्या नसायच्या. पण त्या मुलीनं पुढल्या वेळी तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार केलेला असायचा.

गोंदिया तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि राजधानी नागपूरला. मुलींची आमची शाळा स्टेशनापासून फार लांब नव्हती. खिडक्या उघड्या असल्या की इंजिनांच्या शिट्ट्या आणि धानाच्या गिरण्यांची धडधड वर्गात यायची. मी सौंदडची. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, तेव्हा पदरात एक मुलगी आणि घरात म्हातारी सासू. मराठी आणि शिवणकाम शिकवायला मला हंगामी नेमणूक मिळाली होती. मी आले त्याच्या आदल्या वर्षी पटलेबाई विज्ञान शिकवायला आल्या होत्या.

गोमती पटले. चिचगडच्या वाटेवरच्या एका गावातल्या पोवार घराण्यातली मुलगी. घरी धानाची शेती, बाप लहानपणीच वारलेला. त्या घरातून एक मुलगी नागपूरला जाऊन बी.एस्सी. झाली, ही गोष्ट त्यांच्या गावात बरेच दिवस कुणाला खरी वाटली नव्हती. लग्न केलं नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एरवी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, पण रागावल्या किंवा आनंदात आल्या की झाडीबोली तोंडात यायची. मग मुलींना कळायचं, की आता बाई घरच्यासारख्या झाल्या.

मुख्याध्यापिका सुशीलाबाई त्यांच्या जिवलग. आम्ही सुशीलाबाईंना ‘मोठ्या बाई’ म्हणायचो. पटलेबाई एकट्या ‘सुशीला’ म्हणायच्या. दोघी एकाच घरात शेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहायच्या आणि चूल एकच होती. शाळेत विज्ञान सुरू करायचं म्हणून मोठ्या बाईंनीच पटलेबाईंना नागपूरहून शोधून आणलं होतं. मायक्रोस्कोप मिळावा म्हणून दोघींनी वर्षभर संस्थेच्या कमिटीमागं तगादा लावला, तेव्हा कुठल्याशा कॉलेजातला एक जुना पितळी मायक्रोस्कोप शाळेत आला. तो आला त्या दिवशी पटलेबाईंनी वर्गात पेढे वाटले होते, असं मुली पुढं कितीतरी वर्षं सांगायच्या.

त्यांच्या बटव्यात कायम फुटाणे. कुणी रडताना दिसलं की मूठभर फुटाणे हातावर ठेवायच्या. समजूत वगैरे घालायच्या नाहीत. “चाव. रडता रडता चावता येत नाही,” एवढंच. माझ्या पहिल्या महिन्यात मीही ते फुटाणे चावले आहेत. बाहेर पडताना डोक्यावर काळी छत्री, थंडीतसुद्धा. लोक हसायचे. बाई म्हणायच्या, “मले ऊन सोसत नाही. हसणाऱ्याले सोसते, त्यानं उन्हात चालावं.”

रक्ताचा धडा आला, की त्या स्वतःच्या बोटाला सुई टोचायच्या. थेंब काचपट्टीवर घ्यायच्या, दुसऱ्या काचेच्या कडेनं पातळ पसरायच्या, वाळवून जांभळा रंग द्यायच्या, धुवायच्या, आणि मग मुलींची रांग खिडकीपाशी. मीही एकदा रांगेत उभी राहिले. गुलाबी टिकल्यांची दाटी, आणि मधूनच एखादी मोठी पेशी, जांभळ्या डागांची.

“ती पांढरी पेशी,” बाई म्हणाल्या. “अंगात जंतू घुसला की ही त्याच्याजवळ सरकत जाते आणि त्याला गिळते. आपल्या अंगाची राखण हिच्याकडे.”

यमुना नावाची एक ढिवराची मुलगी होती. बाप तळ्यावर मासेमारी करायचा. वर्गात सगळ्यात हुशार तीच, आणि बाईंची सगळ्यात लाडकी. तिनं विचारलं, “बाई, पर तिले कसं समजते, कोन आपला आन् कोन परका?”

बाईंनी काचपट्टीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मला माहीत नाही. शोधून सांगीन.”

शिक्षकानं वर्गात ‘मला माहीत नाही’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या वर्षी फाल्गुनात, जत्रा उलटून गेल्यावर, आम्ही मुलींना कचारगडच्या गुहा दाखवायला नेलं. गाडीतून उतरून पुढं जंगलातली वाट. जाताना सावली होती. परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि यमुनेला भोवळ आली. पटलेबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला उभी केली आणि स्वतःची छत्री तिच्या डोक्यावर धरून स्टेशनापर्यंत चालत आल्या. छत्री पूर्ण यमुनेवर. मी म्हटलं, “बाई, मी धरते.” तर म्हणाल्या, “तू मागच्या पोरी सांभाळ.”

तीन दिवसांनी बाई शाळेत आल्या, तेव्हा त्यांचे दोन्ही गाल आणि नाकाचा उंचवटा लालभडक झाला होता. जणू कुणी कुंकवाचा हात तोंडावरून फिरवला होता. अंगात ताप. बोटांचे पेर इतके सुजलेले, की खडू धरता येईना. त्या सांगायच्या आणि फळ्यावर यमुना लिहायची. गावातल्या डॉक्टरांनी आधी हिवताप म्हटलं, मग संधिवात. काही दिवसांनी ते उतरलं आणि महिन्याभरात पुन्हा उसळलं. डोक्यावरचे केस पुंजक्यानं जायला लागले. दुसऱ्या उसळीत त्या जिना चढू शकेनात, तेव्हा मोठ्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, “मला शाळा सोडून जाता येत नाही. कुसुम, तू हिला नागपूरला घेऊन जा.” स्टेशनवर पोचवायला मात्र स्वतः आल्या होत्या. गाडी हलली तेव्हा रडत होत्या. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला आजही माहीत आहे.

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच बाहेरून शिकून आलेले. त्यांनी बाईंच्या दंडातून रक्त काढलं. ते गोठू दिलं, दोन तास ठेवलं, मग बारीक जाळीतून घासून काढलं, आणि कितीतरी काचपट्ट्या तयार केल्या. संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं.

“बाई, तुम्ही सायन्सच्या. या, स्वतःच पाहा.”

बाईंनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला म्हणाल्या, “पाह्य.” एक पांढरी पेशी होती. तिच्या पोटात जांभळट, गुळगुळीत गोळा. तिचं स्वतःचं केंद्र त्या गोळ्यानं कडेला दाबलं होतं, चंद्रकोरीएवढं उरलं होतं. बाजूला तसल्याच दुसऱ्या गोळ्याला चार-पाच पेशी चिकटल्या होत्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या.

“तो जंतू आहे?” बाईंनी विचारलं.

“नाही. तो तुमच्याच दुसऱ्या एका पेशीचा गाभा आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या रक्तरसात असं काहीतरी तयार झालंय, जे तुमच्याच पेशींच्या गाभ्यावर जाऊन बसतं आणि त्याला फुगवतं. मग ह्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. हे सगळीकडे पेटलं की ताप येतो, सांधे सुजतात, चेहरा लाल होतो. काही काळानं निवतं आणि पुन्हा उसळतं. ऊन, दगदग, मनस्ताप, कशाचंही निमित्त होतं. ह्याला ल्यूपस म्हणतात.”

“म्हणजे परकं कुणीच नाही?”

“नाही.”

“आपलं कोण ते त्यांना समजत नाही?”

“समजायला हवं. का चुकतं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.”

बाई हसल्या. त्या तापातसुद्धा. मला म्हणाल्या, “यमुनेनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं.”

डॉक्टरांनी नव्यानं आलेल्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात ताप उतरला, बोटं वळायला लागली. निघताना त्यांनी इस्पितळाच्या कागदावर एक पत्र दिलं: हा आजार महारोग नाही, संसर्गजन्य नाही, कुणालाही लागत नाही, बाई शाळेत शिकवू शकतात. “लोक चेहरा बघून काहीबाही बोलतील. तेव्हा हे दाखवा,” ते म्हणाले. ते त्यांनी मलाही वाचून दाखवलं. बाईंनी गोंदियाला पोचताच ते पत्र मोठ्या बाईंच्या हातात दिलं. मी तिथंच होते. “सुशीला, हे तू ठेव. तुझ्याजवळ राहील तर हरवणार नाही.”

पुढं जे झालं त्याची सुरुवात बाईंनीच केली, असं लोक म्हणायचे. त्यात खोटं नव्हतं. कुणीही दुसरी असती तर आजार झाकला असता. ह्यांनी पहिल्याच दिवशी वर्गात फळ्यावर ती पेशी काढली आणि सांगितलं, “यमुना, तुझं उत्तर आणलंय. ह्या पेशी चुकतात. माझ्या रक्तात चुकल्यात. मी डोळ्यानं पाहून आले.” मुलींनी ते घरी जाऊन सांगितलं. एका घरातून दुसऱ्या घरात जाता जाता त्याचं झालं, पटलेबाईंच्या रक्तात किडे आहेत. चेहऱ्यावरचे डाग, झडलेले केस आणि गोळ्यांनी आलेली सूज लोकांनी पाहिली होतीच. दोन आठवड्यांत शब्द ठरून गेला: महारोग.

शाळेतून पहिलं नाव काढलं ते यमुनेच्या बापानं. तो दाराबाहेरच उभा राहिला, आत आला नाही. “माही पोट्टी बाईच्या एकाच छत्रीखाली चालली होती,” तो म्हणाला. “मले भेव वाटून राह्यलं. कायले तोंड उघडू, बाई? नाव काढून द्या.”

पटलेबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. यमुना बापाच्या मागं होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी बाईंनी दोन्ही तास नेहमीसारखे घेतले.

त्यानंतर मुलींची गळती लागली. वर्गात पुढचे बाक रिकामे दिसायला लागले. मग कमिटीनं बैठक बोलावली आणि शिक्षिकांनाही बसवलं. अध्यक्ष गिरणीमालक होते, हिंदीत बोलायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरळ मोठ्या बाईंना विचारलं, “बहनजी, लोग घबराए हुए हैं. डॉक्टर की कोई चिठ्ठी है क्या? हो तो मैं खुद सबको पढ़कर सुना दूँगा.”

पटलेबाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा सुटल्याचा भाव आला. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, “माझ्याकडे असं काही आलेलं नाही.”

खोलीत पंखा नव्हता. बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता. पटलेबाईंनी मोठ्या बाईंवरची नजर काढली नाही; बराच वेळ. मग ती नजर माझ्याकडे आली.

मी ते पत्र पाहिलं होतं. ऐकलं होतं. ते दिलं तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझी नेमणूक हंगामी होती, ती कायम करायची शिफारस मोठ्या बाईंच्या हातात होती. मी खांद्यावरचा पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

पटलेबाई उठल्या. एवढंच म्हणाल्या, “सुशीला, तू तर डोळ्यानं वाचलं होतंस.” आणि बाहेर गेल्या. अध्यक्षांना ते वाक्य कळलं नाही. त्यांनी विचारलं, “क्या बोलीं?”

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी मी काही विचारायच्या आधीच टेबलाचा खण उघडला. पत्र तिथंच होतं.

“मी फाडलं नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. “दाखवलं असतं तरी लोकांनी मानलं असतं का? थोड्या गेल्यात, उद्या सगळ्या गेल्या असत्या. ह्या भागात मुलींची दुसरी शाळा कुठंय, कुसुम? गोमती हुशार आहे, तिला कुठंही काम मिळेल.”

“त्यांना ताप आहे, मोठ्या बाई.”

“ठाऊक आहे मला. एका भिंतीपलीकडं झोपते मी.”

खण बंद झाला. मी वर्गावर गेले.

बाईंची ती उसळी आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी होती. त्यांची आई गावाहून बैलगाडी घेऊन आली आणि लेकीला गादीवर निजवून घेऊन गेली. सामान बांधायला मी गेले होते. मी म्हटलं, “बाई, नागपूरच्या डॉक्टरांना लिहू. ते दुसरं पत्र देतील.”

“देतील,” त्या म्हणाल्या. “पत्र दुसरं मिळेल.” मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी लगेच लिहिलं नाही. लिहिलं ते माझी नेमणूक कायम झाल्यावर, वर्षभरानं. हे लिहिताना आजही हात थबकतो, पण झालं ते असं झालं. डॉक्टरांचं उत्तर आलं, सोबत नवं पत्र आणि पुढच्या गोळ्यांची चिठ्ठी. ते घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत मोटारनं देवरीला आणि पुढं मिळालेल्या बैलगाडीतून त्यांच्या गावाला गेले.

धान कापणीला आलं होतं. घरातली बाकी माणसं धानाच्या बांधीत, शेतावर होती. बाई ओसरीवर बसल्या होत्या, हात पदराखाली घेऊन. चेहरा ओळखू येत होता, पण पायांवर सूज होती, बोट दाबलं तर खळगा राहील अशी. आईनं मला पाणी दिलं. “कशी आलीस गा माय इतक्या दूर?” म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी पत्र उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी ते तसंच वाचलं, हात बाहेर न काढता.

“आता हे कोणाले दाखवू? बैलाले?”

मी पत्राची घडी घातली. त्यांनी विचारपूस केली. विज्ञान कोण शिकवतं? मी सांगितलं, कुणीच नाही, मायक्रोस्कोप कपाटात आहे. माझी मुलगी कशी आहे? पहिलीत गेली. बोटं कशी आहेत, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “बरी आहेत. सगळं करते मी आता.” यमुनेचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, की तिचं लग्न ठरलं होतं.

आईनं मला जेवू घातलं; बाई मागनं जेवते म्हणाल्या. मी धीर करून म्हटलं, “बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात बघायच्या तसंच. राग नव्हता.

“सुशीलाचं मी खूप दिवस डोक्यात घोळवलं, कुसुम. शेवटी समजलं. तिला शाळा वाचवायची होती. चूक केली, पण कशासाठी केली ते समजतं. तुझं समजलं नाही. तू सांगितलं असतंस, तर अध्यक्षांनी सुशीलाला पत्र काढायला लावलं असतं. तुझं ऐकलं असतं त्यांनी. मग काऊन?”

“नोकरी, बाई.”

“हं,” त्या म्हणाल्या. “निदान खरं सांगितलंस.” त्यात माफी नव्हती, आणि आहे असं समजून मी कधी माझी समजूत घातली नाही.

मग म्हणाल्या, “आता निघ. अंधार पडायच्या आत देवरी गाठशील.”

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मला ते पंधरा दिवसांनी कळलं, बाजारात भेटलेल्या त्यांच्या गावच्या माणसाकडून. मोठ्या बाईंना मीच सांगितलं. त्यांनी घंटा द्यायला लावली आणि त्या दिवसापुरती शाळा सोडून दिली. कारण विचारलं तेव्हा मुलींना काही सांगितलं नाही.

पण मला शेवटच्या दिसतात त्या दिवाळीतल्या त्या दुपारच्या. आई मला गाडीपर्यंत पोचवायला आली आणि तशीच बांधीकडे गेली. गाडी निघाली. वाट घराला वळसा घालून मागच्या अंगणाच्या कुडाजवळून जात होती. कुडातून आत दिसलं. बाई रांजणाजवळ उभ्या होत्या. आता त्यांचे हात पदराबाहेर होते. बोटं आकड्यासारखी आत वळलेली, उघडतच नव्हती. पितळी तांब्या त्यांनी दोन मनगटांच्या मध्ये धरला होता आणि हळूहळू तोंडाकडे नेत होत्या. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. तांब्या निसटला, अंगणात गडगडत गेला. त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग भिंतीला खांदा लावून खाली बसायला लागल्या, त्याला पुन्हा मनगटांत धरण्यासाठी.

गाडीवाल्यानंही पाहिलं. त्यानं कासरा ओढला.

“थांबवू काय, बाई?”

घरात दुसरं कुणी नव्हतं. मला उतरून तांब्या उचलून द्यायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, “नको. चाल.”